मोतीबिंदूचं ऑपरेशन: इंदुरात पहिल्या तपासणीपासून नव्या चष्म्यापर्यंत

गेल्या वर्षी आईला अचानक चष्म्याशिवाय पंचांग वाचता यायला लागलं. वय ७१. आम्हाला इतका आनंद झाला की रामबागेतल्या शेजाऱ्यांनाही सांगून झालं. तीन-चार महिन्यांनी तीच आई रात्री रिक्षातून येताना समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की माझा दंड घट्ट धरायला लागली. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणाली, रस्ता दिसत नाही म्हणाली. तपासणीत कळलं, की जवळची नजर ‘सुधारली’ होती तीसुद्धा मोतीबिंदूमुळेच. डोळ्यातलं भिंग कडक व्हायला लागलं की काही जणांचा नंबर उणेकडे सरकतो आणि थोडे दिवस जवळचं छान दिसतं. पुढे तेही जातं.

आता आईचे दोन्ही डोळे झाले आहेत. त्या काळात जे विचारायला हवं होतं आणि सुचलं नाही, जे उशिरा कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या डोळ्याबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि ते डॉक्टर करतात. आधीची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे घरच्यांकडे असतात, आणि गडबड होते ती बहुतेक तिथेच.

१. आधी शब्द समजून घ्या

इंदुरात आपण घरी मराठी बोलतो आणि दवाखान्यात हिंदी. मोतीबिंदूच्या बाबतीत हे चांगलंच नडतं.

आपला मोतीबिंदू म्हणजे हिंदीतला ‘मोतियाबिंद’ किंवा ‘सफ़ेद मोतिया’. ‘काला मोतिया’ म्हणजे मात्र काचबिंदू. तो वेगळा आजार. त्यात बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते, आणि गेलेली नजर परत येत नाही. आमच्या एका काकूंना ‘काला मोतिया का शक है’ असं सांगितलं होतं. त्यांनी समजूत करून घेतली की मोतीबिंदू पिकून काळा झालाय, आता काढला की झालं. वर्षभर दाबाचे थेंब घातलेच नाहीत. हा शब्द कानावर पडला तर तिथल्या तिथे विचारा: मोतीबिंदू की काचबिंदू?

दुसरा घोटाळा ‘पडदा’ या शब्दाचा. आपण म्हणतो डोळ्यावर पडदा आला, म्हणजे मोतीबिंदू झाला. डॉक्टर ‘पर्दे की जाँच’ म्हणतात तेव्हा त्यांना डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासायचं असतं. मोतीबिंदूत डोळ्यावर काहीही उगवत नाही. बाहुलीच्या मागे असलेलं आपलंच पारदर्शक भिंग गढूळ होतं.

२. काढायचा कधी?

वय हे मुख्य कारण. मधुमेह, बरीच वर्षं घेतलेली स्टिरॉइड्स, डोळ्याला लागलेला मार, तंबाखू-सिगारेट यांनी तो लवकर येतो. विरघळवणारे थेंब, मध, गुलाबपाणी यांतल्या कशानेही गढूळ भिंग स्वच्छ होत नाही. उपाय ऑपरेशन हाच.

‘अजून पिकला नाही, थांबा’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, आणि प्रेमानेच मिळेल. एके काळी तो बरोबर होता, कारण तेव्हा मोठा छेद देऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे. आता उलट आहे. फार पिकलेलं भिंग दगडासारखं घट्ट होतं, ते फोडायला जास्त ताकद लागते, डोळ्याला त्रास जास्त होतो. अगदीच दुर्लक्ष केलं तर डोळ्यातला दाब वाढून तीव्र दुखणं उठू शकतं. तसंच रिपोर्टमध्ये ‘सुरुवात आहे’ एवढंच लिहिलं असेल आणि रोजचं काम अडत नसेल, तर घाईही नको. आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. रात्री रस्ता ओलांडता येतो का? आणि तांदूळ निवडताना खडा दिसतो का? दोन्हींचं उत्तर नाही होतं.

एक सावधगिरी: वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला तर चष्म्याच्या दुकानात तिसरा चष्मा करायला जाऊ नका. आम्ही तेच केलं आणि पैसे आणि जवळजवळ वर्ष दोन्ही घालवलं. नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या.

३. तपासणीच्या दिवशी काय न्यायचं

- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल. नंबर मुलाचा असेल तर मुलगा फोनवर सापडला पाहिजे, ओटीपी त्याच्याकडेच जाणार.
- आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेमचं कार्ड.
- सध्याचा चष्मा आणि जुन्या नंबरच्या चिठ्ठ्या.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. यादी जमत नसेल तर पानं पिशवीत घालून सरळ घेऊन जा.
- शुगर, ईसीजीचे अलीकडचे रिपोर्ट.

गोळ्यांमध्ये दोन नावं आवर्जून सांगा. एक, रक्त पातळ करणारी गोळी. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा बंद करावीही लागत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दुसरी, वडीलधाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिन. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटून कोणी सांगत नाही. पण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं आणि बाहुली आक्रसते. आधी माहीत असलं तर सर्जन तयारी ठेवतात. गोळी पूर्वी घेत होता आणि आता बंद आहे, तरी सांगा.

तपासणीत नंबर, डोळ्याचा दाब, मागचा पडदा आणि डोळ्याची मोजणी होते. काही ठिकाणी अश्रूंची नळी उघडी आहे का, हे पाणी सोडून बघतात. रक्ताच्या चाचण्याही होतात. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-पाच तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून रुग्णाने एकट्याने जाऊ नये आणि गाडी चालवू नये. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात काळा चष्मा आणि ओढणी जवळ ठेवा.

मोजणीकडे विशेष लक्ष द्या. बसवायच्या लेन्सचा नंबर त्यावरूनच ठरतो. डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर लांब असतो, आणि मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. आईची मान कंपते, त्यामुळे पहिलं मोजमाप नीट येत नव्हतं. मी विनंती केली, आणि त्या ताईंनी कंटाळा न करता तीनदा मोजलं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती दिवस आधी काढायच्या, हे भेटीची वेळ घेतानाच विचारा. पूर्वी चष्मा घालवण्याचं लेसर झालं असेल तर ते सांगितल्याशिवाय मोजणी करू देऊ नका.

४. कुठे करायचं, आणि पैशांचं काय

इंदुरात पर्याय बरेच आहेत. सरकारीत एम.वाय. रुग्णालयाचा परिसर आणि तिथलं मेडिकल कॉलेजशी जोडलेलं ‘स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय’, धर्मादाय संस्थांत धार रोडचं चोइथराम नेत्रालय, शिवाय गल्लोगल्ली खाजगी दवाखाने. सरकारीत वेळ जातो. पर्ची, मग ओपीडी, मग जाँच, मग पुन्हा रांग. सकाळी लवकर पोचा आणि एक तरुण माणूस सोबत ठेवा. पण तिथे काम कमी दर्जाचं होतं हा समज मनातून काढा. दिवसभर हेच करणारे हात तिथे असतात.

७० किंवा त्याहून जास्त वय असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार येतात. कार्ड काढायला म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत, तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्याचा पर्याय मागा. कार्ड हातात आहे म्हणजे सगळीकडे चालेल असंही नाही. दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, दोनच प्रश्न विचारा: इथे मोतीबिंदूसाठी चालतं का, आणि त्यात कोणती लेन्स येते?

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा. बहुतेक पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसाठी सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं, आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. ती मर्यादा लेन्स निवडायच्या आधी माहीत पाहिजे.

५. लेन्स निवडताना घाई करू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

आईला आधी भीती वाटत होती, की डोळ्यात परकी वस्तू राहणार कशी? तिला मी हॅरॉल्ड रिडली यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले. त्या काचा म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक होतं. लंडनच्या या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा त्या तुकड्यांवर चिडत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली. आईला ही गोष्ट पटली. दुसऱ्या दिवशी तिने ती बाबांना माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

आजच्या लेन्सचे ढोबळ प्रकार असे. मोनोफोकल एकाच अंतराला स्वच्छ दाखवते. बहुतेक जण ती लांबच्यासाठी बसवतात आणि वाचायला चष्मा लावतात. मल्टिफोकल जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवते, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि रंगछटांमधला फरक थोडा कमी जाणवतो. टोरिक ही तिरपा नंबर (सिलिंडर) असणाऱ्यांसाठी. मल्टिफोकलही टोरिकमध्ये मिळते. अधूनमधून ‘इडॉफ’ हे नावही ऐकाल. ती लांबचं आणि हातभर अंतरावरचं दाखवते, बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो.

पहिल्या ज्या ठिकाणी आम्ही गेलो, तिथे डॉक्टरांची भेट संपल्यावर आम्हाला एका टेबलाशी बसवलं, समोर दरांचा रंगीत तक्ता ठेवला आणि सांगितलं, ‘मॅडम, मम्मी के लिए बेस्ट दीजिए, चश्मा ही नहीं लगेगा.’ बेस्ट म्हणजे तक्त्यातली शेवटची ओळ, मल्टिफोकल. तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरायला सांगितली. आईसाठी पैसे वाचवतेय असं वाटायला नको म्हणून मी पर्स उघडलीसुद्धा होती. बाबा म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी आईचा मागचा पडदा बघितला आणि स्पष्ट सांगितलं: बारा वर्षांचा मधुमेह आहे, पडद्यावर थोडा परिणाम दिसतो, इथे मल्टिफोकल बसवली तर त्रास होईल, साधी मोनोफोकलच योग्य. साधी म्हणजे हलकी, असं नव्हे. त्या डोळ्याला तीच बरोबर होती.

तेव्हा टेबलाशी बसायच्या आधी डॉक्टरांनाच विचारा:

- मागचा पडदा आणि नस कशी आहे? त्यामुळे कोणती लेन्स चालणार नाही?
- तिरपा नंबर किती? टोरिकची गरज आहे का?
- ऑपरेशननंतर कशाकशाला चष्मा लागेल?
- लेन्सचं नाव, कंपनी आणि सगळा खर्च धरून एक आकडा लिहून द्याल का?

आणि घरच्या माणसाचा दिवस कसा जातो ते सांगा. रात्री गाडी चालवणाऱ्याची गरज वेगळी, पोथी वाचणाऱ्याची वेगळी. आईला पोथी वाचायला चष्म्याची सवय होतीच. तिला रस्ता हवा होता.

ऑपरेशनच्या पद्धती मुख्यतः दोन ऐकाल. फेको, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेणं. चार्ल्स केलमन यांनी ती १९६७ मध्ये आणली, आणि कल्पना सुचली दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रावरून. दुसरी एसआयसीएस, सहा-सात मिलिमीटरचा छेद, तोही बहुधा टाक्यांविना मिटणारा. फार पिकलेल्या मोतीबिंदूत ती अनेकदा जास्त बरी पडते. ‘लेसरने काढतात’ असं सर्रास म्हणतात, पण बहुतेकांचं ऑपरेशन फेकोनेच झालेलं असतं.

६. तारीख

थंडीतच करावं असं काही नाही. आताच्या पद्धतीत ऋतूचं बंधन उरलेलं नाही. बघायचं ते एवढंच, की पुढचे तीन-चार आठवडे घरात लग्न, प्रवास, रंगकाम नको. आपल्याकडे आणखी एक: रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा गुलाल गच्चीपर्यंत उडतो. आईच्या पहिल्या डोळ्याची तारीख त्याच आठवड्यात आली होती, आम्ही ती मागून पंधरा दिवस पुढे घेतली.

७. ऑपरेशनचा दिवस

आमची पहिली तारीख वाया गेली ती अशी. ‘खाली पेट आना’ असं सांगितलं होतं, म्हणून आईने बीपीची गोळीही घेतली नाही. तिथे बीपी इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरांनी परत पाठवलं. उपाशी यायचं की हलकं खाऊन, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, शुगरची गोळी किंवा इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा. त्या दिवशी काजळ, पावडर, तेल नको. समोरून बटणं असलेले कपडे घाला, डोक्यातून काढायला लागू नयेत. दागिने घरीच ठेवा. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हे दर वेळी विचारतील. न कंटाळता सांगा, ती काळजीच असते.

डोळा नुसत्या थेंबांनी किंवा बाजूला इंजेक्शन देऊन बधिर करतात. माणूस जागा असतो. आई म्हणाली, प्रखर उजेड, गार पाणी, यंत्राचा आवाज आणि थोडा दाब, दुखलं काही नाही. खोकला येत असेल किंवा मान हलवावीशी वाटली, तर आधी तोंडाने सांगायचं आणि मगच हलायचं, हे घरूनच समजावून पाठवा. त्याच दिवशी घरी सोडतात. निघताना डिस्चार्जचा कागद, बिलं आणि लेन्सच्या नंबरचं स्टिकर लावलेलं कार्ड घ्या. ते कार्ड जन्मभर जपायचं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी आल्यावर आईने कपाटातली बाबांची विजार काढली. महिन्यापूर्वीच तिने तिचा काठ काळ्या दोऱ्याने शिवला होता. ‘अगं, ही तर निळी आहे!’ गढूळ भिंग पिवळट झालेलं असतं, त्यात निळा आणि काळा एकच दिसतात. तिने तो काठ उसवायलाच घेतला होता. मी सुई काढून घेतली.

८. थेंब: पुढचे चार ते सहा आठवडे

थेंब दोन-तीन प्रकारचे असतात. एक जंतुसंसर्ग टाळायला, एक सूज उतरायला. सुजेच्या थेंबांची मात्रा आठवड्या-आठवड्याने कमी करत जायची असते. डोळा छान दिसतोय म्हणून ते मध्येच बंद करणं ही फार मोठी चूक.

आमच्या दोन्ही बाटल्यांची झाकणं सारखीच पांढरी होती. मी एकीला लाल टिकली चिकटवली, दुसरीला हिरवी, आणि कालनिर्णयच्या प्रत्येक चौकटीत त्याच रंगाच्या रेघा मारल्या. थेंब घातला की रेघेवर फुली. रात्री एका नजरेत कळायचं, काय राहिलंय.

घालायची पद्धत: साबणाने हात धुवा. दुधाळ थेंबांची बाटली आधी हलवा. खालची पापणी ओढून खळगा करा, वर बघायला सांगा, एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागता कामा नये. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या, आणि पहिल्या डोळ्याची उरलेली दुसऱ्याला वापरू नका.

रोजच्या जगण्यात सांभाळायचं ते असं. डोळा चोळायचा नाही, झोपताना प्लास्टिकची ढाल लावायची. डॉक्टर सांगतील तोवर, साधारण दोन आठवडे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोकं धुवायचंच असेल तर केशकर्तनालयात मागे झुकवून धुतात तसं, दुसऱ्याने धुवावं. भरलेली बादली, गॅसची टाकी उचलायची नाही. फोडणी आणि मिरचीचा खकाणा यांपासून लांब राहायचं. सुकं कुंकू कपाळावरून डोळ्यात उतरतं, तेवढे दिवस टिकली लावा. देवाला खाली वाकून, डोकं टेकवून नमस्कार नको, हात जोडले तरी पोचतो. टीव्ही बघायला आणि वाचायला हरकत नसते. आईला ते कोणी सांगितलं नव्हतं, बिचारी चार दिवस डोळे मिटून पडून होती.

९. यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना

पहिले काही दिवस खुपल्यासारखं होणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा धूसर झाली, पू आला, अचानक ठिणग्या किंवा पुष्कळ काळे ठिपके दिसले, किंवा एका बाजूने सावली सरकली, तर सकाळपर्यंत थांबू नका. केमिस्टकडून थेंब आणून घालू नका. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशोब असतो. डिस्चार्जच्या कागदावर रात्री लागणारा फोन नंबर आहे का, हे निघतानाच बघून घ्या. आमच्या कागदावर फक्त ओपीडीचा होता, मी मागून लिहून घेतला.

१०. चष्मा आणि दुसरा डोळा

पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात. त्याआधी चष्मा केला तर बदलावा लागतो. मधल्या काळात लांबचं नव्या डोळ्याने आणि जवळचं जुन्याने अशी ओढाताण होते, जिने उतरताना अंदाज चुकतो. आमच्या जिन्याच्या कडेला मी पिवळी पट्टी लावली होती. दुसरा डोळा कधी करायचा, हे पहिला कसा बरा होतोय यावर डॉक्टर ठरवतात. आईचा सहा आठवड्यांनी झाला.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं, तर ‘मोतीबिंदू परत आला’ असं लोक म्हणतील. तो परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते, तिची मागची बाजू गढूळ होते. ती यॅग लेसरने ओपीडीतच काही मिनिटांत मोकळी करतात, छेद नाही, टाके नाहीत. जाताना ते लेन्सचं कार्ड न्या. आमचं देवघराच्या खणात, आधारच्या झेरॉक्सखाली ठेवलेलं आहे, आणि ते कुठे आहे हे घरातल्या तिघांना माहीत आहे.